चार मिलिमीटरनं मोठी होडी

नंदनवन, नागपूर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. दादास,

शोभाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

एकाच शहरात राहून हिला टपाल कशाला सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तुला ऐकू येत नाही. फाउंड्रीतल्या चौतीस वर्षांनी तुझे कान नेले, त्यात तुझा दोष नाही. पण मी फोनवर ओरडून भांडले तर तुला निम्मं कळेल आणि माझ्या शेजाऱ्यांना सगळं. म्हणून शांतपणे लिहिते आहे. शांतपणे म्हणजे हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले.

आधी खुशाली. माझ्या मयुराला मुलगी झाली, तुला कळलंच आहे. दोघी ठीक आहेत, पोरीचं नाक आपल्या आईसारखं आहे. महिनाभर अमरावतीला तिच्यापाशी राहून शनिवारी संध्याकाळी परतले आणि काल सकाळी आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या प्रदर्शनाला गेले. टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी होती, माझा ठोकळ्यांचा स्टँड होता आणि त्यावर एक होडी होती. होडी माझी नव्हती.

जाताना मी तुझ्याकडे काय देऊन गेले होते, ते आठव. दुकानातून आणलेल्या खोक्यातल्या सुट्या भागांतून, सप्टेंबरपासून अकरा आठवडे खपून केलेली, पूर्ण झालेली होडी. फक्त वार्निशचे दोन हात मारायचे आणि मंडळाचे सचिव नत्थूजी यांच्याकडे पोचवायची, एवढंच सांगितलं होतं. तुला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून दिलं होतं. 'दोन हात वार्निश' या तीन शब्दांत तुला काय वाचता आलं नाही?

कोणी म्हणेल, हिनं ओळखली कशी. होडी स्टँडमध्ये बसत नव्हती, दादा. टोकापाशी एक आणि शेपटापाशी एक, असे दोन ठोकळे मी माझ्या होडीला मोजून चिकटवले होते. ही होडी पुढून उचललेली, खाली मंडळवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी सरकवलेली. मी टेप मागून घेतला. चाळीस सेंटिमीटरची होडी चाळीस पूर्णांक चार दशांश भरली. तेव्हाच समजलं. असा गुन्हा आख्ख्या नागपुरात एकाच माणसाच्या हातून होऊ शकतो. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून साचा पाडायचा लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा सेंटिमीटर बाजारातल्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा असतो, हे तूच मला शंभरदा सांगितलं आहेस. लाकडाची होडी निवून आकसत नाही. तू घरी आणलेल्या त्याच पट्टीनं माझी होडी मुळापासून नवी केलीस.

आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. बेसाहून आलेल्या परीक्षकांनी माईकवर माझं नाव पुकारलं. मी वर जाऊन सांगितलं की ही मी केलेली नाही. सभागृहात लोक आधी हसले, बाई विनयानं बोलते आहे असं वाटून. मग हसणं थांबलं. आमच्या फॉर्मवर 'वस्तू स्वतःच्या हातची आहे' अशी सही असते आणि ती मी जाण्याआधीच केली होती. बक्षीस थांबवलं. माझं नाव पुढं प्रदर्शनात घ्यायचं की नाही, हे १६ फेब्रुवारीच्या सभेत ठरणार आहे. भावाकडून करून घेतली आणि ऐनवेळी घाबरली, असं आज भाजीवाल्याच्या गाडीपाशी माझ्यादेखत बोललं गेलं. चाळीस वर्षं गावोगाव पोरांना लस टोचली, एका सुईचा खोटा हिशेब लिहिला नाही मी.

माझी होडी कुठे आहे, ते कळव. जशी आहे तशी हवी.

वहिनींना जय भीम. तुझा लोभ जरा आवरता घेतलास तर बरं.

तुझी,
शोभा

~

वाडी, अमरावती रोड
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. शोभास,

प्रेमानंदचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. मयुरेची मुलगी सुखरूप, वाचून आनंद झाला. बाकीचं वाचून डोकं तापलं. गुन्हा काय, खोटेपणा काय! मी तुझं घर जाळलं की काय?

आता माझं ऐक. मी वार्निशचा डबा उघडला होता, ब्रशसुद्धा धुऊन घेतला होता. मग होडी उजेडात धरली. तिचा कणाच पीळ खाल्लेला. फासळ्या एक इकडे झुकलेली, एक तिकडे. डावीकडची तिसरी लाकडी पट्टी मध्येच पोट काढून बसलेली. पितळी टाचण्या तर अशा ठोकल्या होत्यास जणू पेरणीच केली आहे. वार्निशनं वाकडं झाकत नाही, उलट चमकवतं. अशा होडीवर माझ्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी लागणार आणि शंभर माणसं ती पाहणार, हे मला बघवलं नाही. एक पट्टी काढली, तर दुसरी काढावी लागली. मग कणा. मग त्या खोक्यातल्या लाकडात राहिलंच काय? नख लावलं तर दबणारं लाकूड ते. घरात सागाचे तुकडे होते. नऊ दिवस बसलो, थंडीत, या ट्रकांच्या धुळीत, एकदाही कंटाळलो नाही. पहिलं बक्षीस आलं ना? ते वाकड्या पट्टीला आलं असतं का, ते तूच सांग.

आणि ते खोकं! वर मोठ्या अक्षरात 'नवशिक्यांसाठी'. तुला होड्या करायच्या होत्या तर मला विचारायचं. मी तुला तीन डोलकाठ्यांचं जहाज करून दिलं असतं, दिवाणखान्यात ठेवलं असतंस तर लोक बघत राहिले असते. घरात पॅटर्नमेकर भाऊ असताना माणूस दुकानातून खोकं आणतो का?

चार मिलिमीटरची गोष्ट मला पटत नाही. माझ्या हातून चार मिलिमीटर? चौतीस वर्षांत माझा एक पॅटर्न परत आला नाही. तुझा स्टँड आखूड असेल, ते तपास.

मंडळाचं तू स्वतःच ओढवून घेतलंस. गप बसून बक्षीस घेतलं असतंस तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. आणि पत्राच्या सुरुवातीला 'जय भीम' लिहून शेवटी लोभ आवरायला सांगतेस, हे मोठ्या भावाला लिहायचं असतं का?

जुनं सामान माझ्याकडे नीट ठेवलेलं आहे. त्याची काळजी नको.

तुझा,
दादा

~

नंदनवन
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

ती. दादास,

सप्रेम जय भीम. वि. वि.

स्टँड तपासला. चाळीस सेंटिमीटर आहे, बाजारातले.

त्या खोक्याबद्दल बोललास म्हणून सांगते. ते मी उगाच उचललं नव्हतं. सीताबर्डीच्या दुकानात गेले तर दुकानदारानं विचारलं, नातवाला पाहिजे का. म्हटलं, मला पाहिजे. त्यानं लगेच तीन डोलकाठ्यांचं जहाज काढलं, तुझ्यासारखंच. दिसायला देखणं. पण लसीच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचण्यात जन्म गेलेली बाई आहे मी. मी तिथंच स्टुलावर बसून सहा खोक्यांवरचं वाचलं. त्या जहाजात सुटे भाग सहाशेच्या वर, दोऱ्यांच्याच गाठी दोनशे, आणि नकाशा तळहाताएवढा. मग हे घेतलं. बूड सपाट, म्हणजे होडी टेबलावर स्थिर राहते आणि पट्ट्या लावताना हातात फिरत नाही. फासळ्या आधीच कापलेल्या. नकाशा होडीएवढाच, म्हणजे तुकडा त्यावर ठेवला की चुकलं ते दिसतं. पट्ट्या एका बाजूला सातच. लाकूड मऊ, कारण नवशिक्याची सुरी घसरते, आणि मऊ लाकूड माफ करतं. नवशिक्यांसाठी लिहिलेलं मी वाचलं होतं, दादा. मी नवशिकी आहे. एकसष्टाव्या वर्षी कशाची तरी नवशिकी व्हायचं होतं मला.

पट्टी वाकवायला मी प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्याला खालून बूच लावून त्यात उकळतं पाणी ओतायचे आणि पट्टी उभी भिजत ठेवायचे. ही युक्ती माझी. कपड्यांच्या चिमट्यांनी धरून रात्रभर वाळवायची, ही पण माझी. तिसरी पट्टी पोट काढून बसली कारण मी ती घाईनं, अर्धी ओली असताना चिकटवली. चौथी त्याहून बरी होती. सातवी तर चांगलीच बसली होती. ते तू पाहिलंस का?

पाचवीत जिल्ह्याचा पुठ्ठ्याचा नकाशा करायचा होता. मी कन्हान नदी निळ्या दोऱ्यानं चिकटवत होते. तू कामावरून आलास, चप्पल काढायच्या आधी म्हणालास, "दे वं इकडे, तुले नाही जमत." नकाशा भिंतीवर लागला, गुरुजींनी माझी पाठ थोपटली. मी त्या भिंतीकडे वर्षभर पाहिलं नाही. नंतर फ्रॉकचं बटण, वहीचं कव्हर, नोकरीचा अर्ज, लग्नातली रांगोळी, या घरातलं फडताळ. बाबांच्या मनात नसताना तू मला नर्सिंगला घातलंस, ते मी विसरलेले नाही आणि म्हणूनच इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. पण तू माझं सगळं केलंस, दादा, म्हणून माझ्या हातचं असं घरात काही नाही. सुई टोचणं तेवढं माझं, कारण तिथं तू नव्हतास.

गप बसून बक्षीस घ्यायला हवं होतं म्हणतोस. तुझ्या पॅटर्नवर दुसऱ्याचा शिक्का मारला असता तर तू गप बसला असतास का?

सामान नीट ठेवलं आहेस ना? मग बुधवारी अंकुशचा टेम्पो वाडीहून इकडे येतो, त्याच्याबरोबर पाठव. पट्ट्या सुट्या असल्या तरी चालतील.

कृपा असावी, पण लांबून.

तुझी,
शोभा

~

वाडी
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

प्रिय शोभाबाईंना,

कांताचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. पण त्यांना सांगितलंत तरी चालेल, मी भीत नाही.

बुधवारी अंकुश दोनदा हॉर्न वाजवून रिकामा गेला. तुम्ही वाट पाहिली असेल. पाठवायला काही नाही, बाई. ती होडी सोडवल्यावर तिचे तुकडे यांनी अंघोळीच्या बंबात घातले. मी तेव्हा पिठाच्या गिरणीवर गेले होते. आले तर पाणी तापलेलं आणि हे खुशीत. शोभेचं काम झालं, म्हणाले. मला वाटलं तुमच्या विचारानंच चाललं आहे. तुमचं पत्र वाचलं तेव्हा खरं काय ते कळलं.

आता पुढचं ऐका. तुमचं दुसरं पत्र आल्यावर हे सीताबर्डीला गेले आणि तसंच खोकं घेऊन आले, तेच 'नवशिक्यांसाठी'. तुमची होडी जशीच्या तशी करून तुम्हाला पाठवायची आणि हीच ती जुनी म्हणायचं, असा बेत. पाइपात पाणी ओतून पट्ट्या भिजवल्या, माझे सगळे चिमटे नेले. धुणं तारेवरून उडून गल्लीत. पण होडी वाकडी होईना! तिसऱ्या पट्टीला पोट आणायला बसले, चारदा लावली, चारदा सरळच बसली. मुद्दाम ढकलून लावली तर दुसऱ्या दिवशी बघून म्हणाले, हे ढकललेलं दिसतं, चुकलेलं दिसत नाही. मग मला बसवलं. मी लावली, तर माझी वेगळ्याच जागी वाकडी. डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "कांता, तिचं वाकडं मले येत नाही."

मोजायच्या दोन पट्ट्यांचंही झालं. एके दिवशी बाजारातली पट्टी आणून फाउंड्रीतल्या पट्टीशेजारी ठेवली, भिंगातून पाहिलं, आणि जेवायला उठले नाहीत. तुमचे चार मिलिमीटर खरे निघाले.

मला यांची दया येते, तशीच चीडही. बेचाळीस वर्षांत मी माझ्या हातानं गॅसचं सिलिंडर बदललं नाही. पापड लाटायला बसले तर दुसरा पापड यांच्या हातात असतो. पहिल्यांदा कोणीतरी भांडलं. तुम्ही भांडणं सोडू नका, एवढं सांगायलाच कागद घेतला. फक्त जेवण सोडायला लागले आहेत, तेवढं ध्यानात ठेवून भांडा.

बाळाला माझा पापा. लोभ ठेवा.

तुमची,
कांतावहिनी

~

नंदनवन
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

जय भीम.

वहिनींनी सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर डोळे वटारू नकोस, जे सांगायला तुझी जीभ रेटली नाही ते त्यांनी सांगितलं.

बंबात! माझ्या अकरा आठवड्यांचं तुझ्या एका अंघोळीचं पाणी झालं. आणि वर लिहितोस, नीट ठेवलेलं आहे, काळजी नको. तू माझ्याशी आजवर कधी खोटं बोलला नव्हतास. तुझ्यावर चिडायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण हे नव्हतं. परवा रात्रभर मला झोप आली नाही, आणि ती होडी गेली म्हणून नव्हे.

त्यावर आणखी एक वाकडी होडी करून पाठवणार होतास आणि मी ती जुनी समजून कपाटावर ठेवावी, असा बेत. म्हणजे मी चुकते ते सुद्धा तूच करून देणार. दादा, माझी चूक मला करू दे. ती तुला जमत नाही हे वाचून, खरं सांगते, मला या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मी पुन्हा तेच खोकं आणलं आहे. कणा चिकटवून झाला आहे, या वेळी नकाशावर ठेवूनच वाळवला. फासळ्या उभ्या आहेत. १६ तारखेच्या सभेत ही अर्धी होडी घेऊन जाणार आहे, पाइप आणि चिमट्यांसकट, आणि त्यांना दाखवणार आहे की ही बाई होडी कशी करते. काय बोलायचं ते चार पानं लिहून काढलं आहे. गावागावात बायकांच्या सभा घेतल्यात मी, पन्नास म्हाताऱ्यांना घाबरत नाही. माझं नाव मी सोडवीन.

तू तुझी ती होडी मंडळाकडून परत घे आणि तुझ्या घरी ठेव. फार सुंदर आहे. तिचा मला राग येतो कारण ती सुंदर आहे.

वेळेवर जेव.

शोभा

~

नंदनवन
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

हा कागद कितवा ते मोजलेलं नाही.

काल सभेत माझी पाळी आली. मी पिशवीतून होडी काढली, पाइप काढला, चार पानं उघडली. तर नत्थूजी हसत म्हणाले, ताई, आता त्याची गरज नाही, बसा. बुधवारी तुमचे बंधू आले होते. भर दुपारी वाडीहून बस बदलून आले, माझ्या घरी बसून कबुलीजबाब लिहून दिला आणि तो मोठ्यानं वाचूनही दाखवला. "होडी मी केली. तिले काहीच मालूम नव्हतं. तिले दोष देऊन राहिले ते मले द्या." ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज इतका मोठा होता की गल्ली गोळा झाली, असंही सांगितलं. ठराव आधीच लिहून तयार होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती चांगला भाऊ आहे, म्हणाले. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती. मला प्रामाणिकपणाचं एक प्रमाणपत्र दिलं, त्यावर माझं नाव चुकीच्या आडनावानं.

मी चार पानं हातात धरून खाली बसले.

तुला कळतं का तू काय केलंस? मला तारीख माहीत होती, तुला मी ती लिहून कळवली होती, मी स्वतः बोलणार हेही लिहिलं होतं. माझं भांडणसुद्धा तू पूर्ण करून आलास. त्यालाही वार्निश मारून आलास. आता मी कोणाशी भांडू? सगळं नंदनवन तुझं कौतुक करतंय आणि मी कृतघ्न बहीण ठरू नये म्हणून मान हलवते आहे.

मला माहीत आहे, तू वाईट बुद्धीनं गेला नव्हतास. तू कधीच वाईट बुद्धीनं काही केलं नाहीस, म्हणून तर तुला कोणी काही बोलू शकत नाही. मी बोलते आहे. मला राग आला आहे, दादा, पाचवीपासूनचा.

आता एकच कर. रविवारी, २३ तारखेला सकाळी दहाला माझ्याकडे ये. काही आणू नकोस. मोजायची पट्टी नको, खिशातली सुरी नको, सागाचा तुकडा नको. माझ्या टेबलासमोर खुर्ची ठेवीन, तिच्यावर बस. मी माझ्या होडीला पट्ट्या लावीन. तू एकदाही हात पुढं केलास तर मी वाडीचा रस्ता बंद समजेन. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. हा कागद फाडलेला नाही, त्यावरून समज.

शोभा

~

वाडी
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

चि. शोभास,

आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा मीही चिडलो. नत्थूजीच्या घरी जायला मला काय लागलं असेल ते तुला माहीत नाही. मी आयुष्यात कोणापुढं चूक लिहून दिली नव्हती. ती दिली आणि तरी बोलणी खातो, असं वाटलं. चौथ्यांदा वाचलं तेव्हा तुझी चार पानं डोळ्यापुढं आली. सभेची तारीख मी वाचली होती. तू बोलणार हेही वाचलं होतं. तरी वाटलं, ती कशाला उभी राहील पन्नास माणसांपुढं, मी आधीच जाऊन मिटवतो. हे मनात आलं आणि पायात चपला होत्या. मला यात मधली पायरी येत नाही.

पॅटर्न शॉपमध्ये आम्हाला एकच शिकवलं होतं. लाकडात केसाएवढं चुकलं की ओतीव लोखंड सगळंच भंगारात जातं, खालच्या चाळीस माणसांची मेहनत पाण्यात. दुसऱ्याच्या हातातली चूक दिसली आणि तू गप बसलास, तर ती तुझी. घरी आलो तरी ते हातातून गेलं नाही. हे सबब म्हणून लिहीत नाही.

तुकडे जाळले आणि तुला खोटं लिहिलं. त्याला माझ्याकडे काही सबब नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते तुकडे म्हणजे तुझी होडी होती. तोवर मला वाटत होतं, होडी म्हणजे मी केली ती.

रविवारी येतो. बसणं जमेल की नाही, माहीत नाही. हात रिकामे ठेवून मी कोणाच्या घरी कधी बसलो नाही.

तुझा,
दादा

~

नंदनवन
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

सप्रेम जय भीम. वि. वि.

काल तू उठून गेलास आणि बसमध्ये बसल्यावर काय विचार केलास ते मला माहीत नाही. म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते.

तू दहाला पाच कमी असताना आलास, रिकाम्या हातांनी. चहा घेतलास. मग मी रात्रभर वाळलेली पहिली पट्टी चिमट्यांतून सोडवली आणि तुझ्या गुडघ्याची हालचाल सुरू झाली. मी पहिली लावली, दुसरी लावली. दुसरीला मी डिंक उलट्या बाजूला लावला होता, तू दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरलीस. मला समजलं आणि मी मुद्दाम वर पाहिलं नाही. नंतर माझं मलाच दिसलं, मी पुसून पुन्हा लावला. तिसरी पट्टी वाकवताना मोडली. मोडल्याचा आवाज तुला आला नाही, पण तू ती मोडताना पाहिलीस, मोडायच्या आधीच पाहिलीस, मला ते तुझ्या चेहऱ्यावर कळलं. तू तोंड उघडलंस. मग चष्मा काढलास, घडी करून खिशात ठेवलास आणि डोळे मिटून बसलास.

त्यानंतर मी किती वेळ काम केलं त्याचा मला अंदाज नाही. दादा, माझ्या जन्मात पहिल्यांदा मी तुझ्यासमोर काहीतरी केलं आणि तू पाहत नव्हतास. मी वाळवून ठेवलेली जादा पट्टी घेतली. नव्या तिसऱ्या पट्टीला पोट आलं. या वेळी ओली नव्हती, तरी आलं. बहुतेक तो माझा हातच आहे.

डाव्या बाजूच्या चार पट्ट्या झाल्या तेव्हा मी तुझ्या खांद्याला हात लावला आणि होडी तुझ्या हातात दिली. तू चष्मा घातला नाहीस. अंगठा पुढून मागे नेलास, शॉपमध्ये पॅटर्न तपासताना नेत असशील तसा. तिसऱ्या पट्टीवर अंगठा अडला. तिथंच थांबला. मला वाटलं आता ते वाक्य येणार, पाचवीतलं. तुझा अंगठा त्या पोटावरून हळूच पलीकडे गेला, होडी तू माझ्या पुढं केलीस आणि म्हणालास, "लाव वं पुढची."

तू गेल्यावर मी बसून रडले. वहिनींना हे सांगू नकोस, नाहीतर सांग, त्यांनाही बरं वाटेल. काल पाचवी लावली, आज सकाळी सहावी. डावीकडची एक आणि उजव्या बाजूच्या सात बाकी आहेत. रविवारी मोकळा असशील तर ये. खुर्ची तिथेच आहे.

बाकी कुशल. लोभ होता तसाच आहे. राग अजून थोडा उरला आहे, तो माझा मी संपवीन. त्याला तू हात लावू नकोस.

तुझी,
शोभा